घरची जुनी मोटार : गिअर हाताचा की आपोआपचा?

आपल्यापैकी काहींच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटार उभी असेल. घरातले एखादे लग्न, तीर्थयात्रा, परीक्षेच्या निकालाची सकाळ तिने पाहिलेली असते. ती पुन्हा रस्त्यावर आणावी असा विचार निघाला, की घरात दोन पक्ष पडतात. नातू म्हणतो, ‘आजोबांच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही, हिला स्वयंचलित गिअर बसवून टाकू.’ आजोबा म्हणतात, ‘मग ती माझी गाडी कुठे उरली?’ दोघांच्याही म्हणण्यात प्रेम आहे. म्हणूनच निर्णय जपून करावयास हवा.

प्रथम यंत्राचा स्वभाव पाहू. चढावर चाकांना बळ अधिक लागते, सपाटीवर वेग अधिक लागतो. हा मेळ दंतचक्रे बदलून साधावयाचा, यालाच आपण गिअर टाकणे म्हणतो. हाताच्या गिअरमध्ये क्लच दाबून इंजिन क्षणभर चाकांपासून तोडावे लागते. पूर्वी या वेळी दात दातांवर आपटून खडखडाट होई. दोन्ही चक्रांची गती आधी समान करून घेणारी योजना १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत आली आणि चालकाचे कष्ट हलके झाले. पुढे १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाडीत ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअर आला. त्यात क्लचच्या पायपट्टीचे काम तेलाने घेतले. एक पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या ओघाने समोरचा पंखा फिरतो. बाकीचे गिअर बदलणे तेलाच्या दाबावर आपोआप होते.

निवडीचा प्रश्न नीट समजावा म्हणून १९५५ ची शेव्हरोले बेल एअर घ्या. ही गाडी कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांनी मिळे. एकीत सुकाणूच्या दांड्यावर तीन गिअर असत. पहिला गिअर टाकण्यापूर्वी गाडी पुरती थांबवावी लागे. दुसरीत ‘पॉवरग्लाइड’ हा दोनच गतींचा स्वयंचलित गिअर असे. शहराच्या गर्दीत पॉवरग्लाइड सुखाची. उलट घाट उतरताना हाताच्या गिअरची गाडी अधिक स्वाधीन वाटते, कारण या गाडीचे चारही ब्रेक ड्रमचे आहेत. ते तापून निकामी होऊ नयेत म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचाच लगाम लावता येतो. पॉवरग्लाइडवाल्यानेही उतारावर दांडा खालच्या गतीत ठेवण्यास विसरू नये.

आता आपल्या घरच्या गाड्यांकडे वळू. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर २०१४ पर्यंत तयार होत होती. कुर्ल्याची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून २०२३ साली निवृत्त झाली. अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन दीर्घकाळ १४८९ घनसेंटिमीटरचे होते, तर पद्मिनीचे १०८९ चे. बेल एअरचे इंजिन याहून कितीतरी मोठे. तेल ढवळण्यात थोडी शक्ती वाया गेली तरी तिला जाणवत नाही. लहान इंजिनाला मात्र ती गळती चढावर जाचते. शिवाय परका गिअरबॉक्स बसवायचा, तर बहुधा तळाचा पत्रा कापावा लागतो, आधार बदलावे लागतात, मागच्या चाकांकडे जाणारा दांडाही नव्या मापाचा करावा लागतो. एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही.

कायद्याचाही विचार हवा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते; मात्र ती मूळ स्वरूपात असावी, तिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात फेरफार झालेला नसावा. अशा गाडीचा रोजचा वापर करता येत नाही. तेव्हा कात्री चालविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

गाडी विकत घ्यावयाची असेल, तर परीक्षा सोपी आहे. हाताच्या गिअरच्या गाडीत दांड्याखालचे जोड झिजले आहेत का, गिअर मध्येच सुटतो का, चढावर क्लच घसरतो का, ते पाहावे. स्वयंचलित गाडीत गिअरच्या तेलाची पट्टी काढून पाहावी. लाल तेल तपकिरी पडले असेल आणि जळका वास येत असेल, तर आतले अस्तर झिजले असे समजावे. ती दुरुस्ती करणारा जाणता कारागीर आपल्या गावी आहे का, हे किंमत ठरविण्यापूर्वीच विचारावे. हाताचा गिअर खोलणारा मिस्त्री बहुधा जवळपास सापडतो. स्वयंचलित गाडी बंद पडल्यास मात्र चालती चाके जमिनीवर ठेवून लांब ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना आतला पंप सहसा फिरत नाही आणि यंत्र तेलावाचून घासते.

आणि आजोबांचा गुडघा? आधी क्लचच तपासून घ्यावा. झिजलेले जोड, कोरडी बिजागरी किंवा जुनी प्रेशर प्लेट यांमुळेही पायपट्टी जड होते. दोष काढल्यावर पुष्कळदा अर्धा भार उतरतो. तरीही गुडघा ऐकत नसेल आणि त्यांना स्वतःच गाडी हाकण्याची हौस असेल, तर जन्मतःच स्वयंचलित असलेली एखादी गाडी शोधावी. घरच्या गाडीला हात लावू नये.

त्याहून बरा मार्ग आणखी एक आहे. आजोबांनी शेजारच्या आसनावर बसावे आणि नातवाला दांड्याचा गिअर शिकवावा. पहिल्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडेल, आजोबा पाच वेळा रागावतील. पण महिन्याभराने तो चढावर न अडखळता दुसरा गिअर टाकील, तेव्हा मूळ गाडीही राहिलेली असेल आणि ती चालविण्याची विद्याही घरातच राहिलेली असेल.