रजनीला पावती लागत नव्हती

परवा वेल्ह्यात बचतगटाच्या बैठकीत शिलाई मशीनचा विषय निघाला आणि आमची एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "इथे रजनीच पाहिजे होती!" तरुण मुलींना काही कळेना. त्यांना सांगावे लागले, की १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'रजनी' ही मालिका लागायची. प्रिया तेंडुलकर त्यात शहरातली गृहिणी झाली होती. गॅसवाला असो की टॅक्सीवाला, तिने एकदा पदर खोचला की अर्ध्या तासात निकाल!

त्या मालिकेचे मोल मी कमी करत नाही. बाई चारचौघांत आवाज चढवते आणि तरी वाईट ठरत नाही, हे तेव्हा घरोघर दिसले. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा आला. (तो रजनीमुळे आला असे कोणी समजू नये. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत १९७४ पासून झटत होती.) पण रजनीला कधी पावती शोधावी लागली नाही, की एसटीची वाट पाहावी लागली नाही.

आमच्या गटातल्या बाईने कर्ज काढून मशीन घेतले. चार महिन्यांत ते बंद पडले. दुकानदार आधी म्हणाला, आज या, उद्या या. मग म्हणाला, "तुमच्या मालकांना पाठवा." दोन खेपा झाल्या. दर खेपेला रोज बुडाला, भाडे गेले ते वेगळेच. "जाऊ द्या ताई, एवढ्याशा पैशासाठी कोण कोर्टात जातं?" असे ती म्हणाली खरी, पण गटाचा हप्ता दर महिन्याला जातोच आहे.

कायदा पाहिला तर तिच्या बाजूचा आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले मशीन 'व्यापारी' खरेदीत धरत नाहीत, हे १९९३ च्या दुरुस्तीनेच स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. वकील लागतोच असे नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. २०१९ च्या कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. फक्त आमचा जिल्हा म्हणजे पुणे, आणि वाडीवरून तिथे जायचे तर सगळा दिवस जातो.

मग तिने चिठ्ठी दाखवली. त्यावर नाव नवऱ्याचे! दुकानदाराने विचारलेही नव्हते, तिनेही वाचले नव्हते. कायदा इथेही तिला बाहेर काढत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. म्हणजे कर्ज तिचे, हप्ते तिचे, टाके तिचे, आणि कायद्यापुढे ती नवऱ्याच्या परवानगीने मशीन वापरणारी बाई. हे वाचून मला हसूही आले आणि रागही.

पण दुकानदाराला एकट्याला दोष का द्यावा? मारहाणीची, पोटगीची तक्रार आपण रात्रीतून लिहून देतो. मशीनचे, मिक्सरचे, बियाण्याचे आले की म्हणतो, हा व्यवहाराचा प्रश्न, स्त्रियांचा नव्हे. मी स्वतः पहिल्यांदा तिला म्हटले होते, "घरातल्या कोणाला तरी पाठव ना." एमएसडब्ल्यूला केस कशी नोंदवायची ते शिकलो, बिल कसे वाचायचे ते नाही.

आता आमच्या गटात कर्जाचा चेक देण्याआधी ठरते, की बिल पक्के आणि बाईच्या नावाचे. तिची तक्रार लिहून झाली आहे. सही तिचीच. नवरा आधी कुरकुरला, मग त्याची चिठ्ठी त्यानेच झेरॉक्स करून आणून दिली. पुण्याला तिच्यासोबत दोघीजणी जाणार आहेत. त्यांचे भाडे गटाच्या पैशातून द्यावे की नाही यावर बैठकीत वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. माझे मत, द्यावे.