वडगावचा भोंगा आणि पडद्यावरचे वीर

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक आगळा निर्णय अमलात आणला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करावयाचे. साडेआठपर्यंत त्यांना हात लावावयाचा नाही. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, एवढीच अपेक्षा. करोनाच्या काळात शिक्षणाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला आणि शाळा उघडल्यावरही तो सुटेना, हे शिक्षकांच्या ध्यानी आले आणि त्यातून हा विचार पुढे आला. प्रारंभी गावातील पुरुषांनी त्याची थट्टा केली. उचलून धरला तो स्त्रियांनी. आपणही मालिकांत गुरफटलो आहोत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

या निर्णयाची वाखाणणी देशभर झाली, परदेशी वृत्तसंस्थांनीही दखल घेतली. आम्हाला मात्र त्यातील एका गोष्टीचे विशेष वाटते. व्हिडिओ गेमसंबंधी आपल्याकडे जो वाद वर्षानुवर्षे चालला आहे, त्यात प्रश्न नेहमी एकच असतो: बंदी घालावी की घालू नये? वडगावने तो प्रश्न विचारलाच नाही.

बंदीची कहाणी आठवून पाहण्याजोगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये अवघ्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पबजी या खेळामुळे हिंसा बळावते, म्हणून तो बंद करावा, अशी मागणी होती. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजीही होता. अनेक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ती बंदी मुलांच्या अभ्यासासाठी वा मनःस्वास्थ्यासाठी नव्हतीच. गलवानच्या संघर्षानंतर देशाचे सार्वभौमत्व आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता ही कारणे तीमागे होती. म्हणून २०२१ च्या जुलैमध्ये तोच खेळ दक्षिण कोरियन कंपनीने नव्या नावाने आणला. तो २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी कंपनीने दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली. तीन तास! शाळेतून आलेल्या मुलाची सारी संध्याकाळ तेवढीच असते. शिवाय वय खरे सांगण्याची जबाबदारी मुलाच्याच प्रामाणिकपणावर.

दुसऱ्या बाजूने, खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी झाले, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत स्थान दिले, परंतु निकष कडक ठेवले. खेळावरचा ताबा सुटलेला असावा, इतर सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ ठरावा, नुकसान दिसत असूनही तो सुटू नये, आणि हे सारे साधारणपणे बारा महिने टिकावे. मुलाने एक रविवार खेळण्यात घालवला म्हणून त्याला रोगी ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे निकष एकदा वाचावेत. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ ही मात्र निराळी गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवली नाही. ही विभागणी आम्हाला न्याय्य वाटते.

आता दुसरा विषय, चाहत्यांचा. तोही सांगलीला परका नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच सांगलीत रंगमंचावर आणले, तेव्हापासून या भागाने नटांवर जीव ओवाळला आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट पडले होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. दोन्ही तटांचे लोक एकाच नाट्यगृहात बसले. आपल्या नटाला दाद द्यावी आणि दुसऱ्याचेही ऐकावे लागावे, अशी ती बैठक होती.

आजच्या चाहत्याला प्रतिपक्षाचा चेहराच दिसत नाही. ‘कॅप्टन मार्व्हल’ हा सुपरहिरोपट २०१९ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वीच एका परीक्षण संकेतस्थळावर त्याच्याविरुद्ध शेऱ्यांचा पाऊस पडला आणि प्रदर्शनापूर्वी मत नोंदविण्याची सोयच त्या संकेतस्थळाला काढून टाकावी लागली. चित्रपट कोणी पाहिला नव्हता, तरी भांडण पूर्ण झाले होते! त्या वीरांचे बरे आहे. ते काल्पनिक आहेत. त्यांच्या नावाने झालेले भांडण फार तर शिवीगाळीवर थांबते.

आपले वीर इतिहासातले आहेत. २०२५ मध्ये ‘छावा’ या चित्रपटाच्या झलकीतील लेझीमच्या दृश्यावरून वाद उठला, ते दृश्य वगळले गेले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी चित्रणाला आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. हे वाद निदान बोलून मिटले. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ रोजी जे घडले त्याचा चित्रपटाशी संबंध नव्हता, पण समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकूर हेच त्याचे निमित्त होते. जमावाने घरे-दुकाने जाळली, मशिदीवर हल्ला केला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. आराध्य पुरुषावरील प्रेम आणि हातातला मोबाईल यांच्यामध्ये विचार करण्यापुरताही अवकाश राहिला नाही, म्हणजे काय होते, हे सातारकरांना बाहेरून कोणी सांगावयास नको.

गेमचा वेग आणि या संतापाचा वेग यांत आम्हाला नाते दिसते. दोन्हीकडे थांबणारा हरतो. वडगावच्या भोंग्याने साधले ते एवढेच, की ठरावीक वेळी सगळेच थांबले. त्यामुळे कोणीच हरले नाही. एकट्या मुलाकडून मोबाईल काढून घेतला तर तो वर्गमित्रांत एकटा पडतो. सारा गावच दीड तास गप्प झाला तर त्याचे काही बुडत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद लाभलेले कार्लो अकुटिस प्लेस्टेशन खेळत असत आणि आठवड्याला एक तास ही मर्यादा त्यांनी स्वतःच घालून घेतली होती, असे सांगतात. पण पंधराव्या वर्षाच्या आत इतका संयम किती मुलांच्या अंगी असणार? इतरांना भोंगाच हवा.

आणि तो मोठ्यांसाठीही वाजावयास हवा. वडगावात अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले, ते काही केवळ मुलांशी बोलण्यासाठी नव्हे. आमच्या किती वसाहतींत संध्याकाळी सात वाजता असे कोणी दार ठोठावले, तर आतून मोबाईल बाजूला ठेवून दार उघडावयास येणारा बाप असेल?