आत्मकथनाच्या रांगेत आम्हीच का?

ग्रीसच्या बेटांवर लेखन कार्यशाळा भरतात. चार दिवस, आठ दिवस राहायचे, कविता, कथा, नाटक, प्रवासवर्णन सगळेच हाताळून बघायचे, भोवती समुद्र आणि स्वयंपाक करायला दुसरे कोणीतरी. फी, विमानभाडे आणि व्हिसा धरला तर कंत्राटी सफाई कामगाराची कित्येक महिन्यांची कमाई त्यात जाईल. आमच्यातले काही कार्यकर्ते हे ऐकून हसतात. म्हणतात, भरल्या पोटाचे चोचले! अण्णाभाऊ कुठल्या कार्यशाळेत गेले होते? दीड दिवस शाळेत गेले आणि 'फकिरा' लिहिली.

सभेत या वाक्याला टाळ्या पडतात. आम्हाला ते मान्य नाही.

अण्णाभाऊ शिकले ते तमाशाच्या फडात आणि पुढे १९४४ च्या लाल बावटा कलापथकात, अमर शेख आणि गव्हाणकरांच्या सोबत. लिहायचे, लोकांसमोर म्हणायचे, पडले की बदलायचे. ही कार्यशाळाच होती, फक्त तिला तसे नाव नव्हते. म्हणून त्यांच्या हातून कादंबरी, कथा, पोवाडा, लावणी, लोकनाट्य आणि १९६१ च्या रशिया प्रवासाचे वर्णनही उतरले. ते काही आभाळातून पडले नव्हते. 'प्रतिभा उपजत असते' हे तत्त्वज्ञान ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्याच्या सोयीचे आहे. जन्मावर गुणवत्ता ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपण भांडतो आणि साहित्यात मात्र तोच सिद्धांत डोक्यावर घेतो, हे कसे?

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले. ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले आणि १९८० च्या दशकात छापले गेले. भाषणात याचे कौतुक होते. आम्हाला संताप येतो. एका बाईला लिहायला जागा नसणे ही गौरवाची बाब कशी होते? 'स्कूल' हा शब्दच ग्रीक भाषेत फुरसतीवरून आला आहे, आणि ज्यांच्या जिवावर तिथल्या नागरिकांना ती फुरसत होती त्या गुलामाला अॅरिस्टॉटलने जिवंत हत्यार म्हटले. फुरसत ही मालमत्ता आहे. तिचेही वाटप मागावे लागते. बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणूनच ना?

आता दुसरी बाजू. जिथे आपल्याला बोलावतात तिथे काय होते? आमच्या अभ्यासगटातली एक मुलगी एका निवासी कार्यशाळेला गेली. तिने अजनीच्या रेल्वे यार्डात घडणारी रहस्यकथा लिहून नेली होती. मार्गदर्शक म्हणाले, "छान आहे, पण तू तुझं जगणं लिही ना. तुमच्याकडे केवढे अनुभव असतात!" शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने परग्रहावरची कथा वाचली, त्याला कोणी त्याचे जगणे विचारले नाही. बहुविध लेखनप्रकार त्याला आणि आत्मकथन तिला, ही कामाची जन्मावरून केलेली वाटणीच आहे. 'बलुतं' १९७८ ला आले, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण त्याआधी, १९६३ लाच, बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह दिला होता. कथा रचणे आपल्याला काल कळले असे नाही.

सरकारही वेगळे नाही. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे इथे म्हणतात स्वतःवरच लिहा, आणि बाहेर जायचे तर स्वतःच्या समाजावर संशोधन करू नका! दोन्हीकडे विषय ठरवणारा दुसराच.

प्रेमानंद गज्वी यांच्या बोधी नाट्य परिषदेने नाट्यलेखनाच्या कार्यशाळा घेऊन रस्ता दाखवला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले हे नाटककार २०१९ ला नागपुरात भरलेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. पण एका संस्थेने किती ओढायचे?

आमची मागणी साधी आहे. 'बार्टी' स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालवते, तसे लेखनाचे निवासी वर्गही चालवावेत. सुरुवात नागपुरात करावी. दीक्षाभूमीवर दरवर्षी पिशव्या भरभरून पुस्तके नेणारा वाचक इथे येतो, लिहिणारेही त्यातूनच येतील. पंधरा दिवस, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, आणि कथा, कविता, नाटक, पटकथा, विज्ञानकथा, बालसाहित्य असे सगळे प्रकार. मुलाबाळांच्या बाया येतील, त्यांच्यासाठी पाळणाघर. ज्याची रोजी बुडते त्याला ती भरून द्यावी. शिकवायला बाहेरचे लेखक आले तरी आमची हरकत नाही, ग्रीसहून आले तरी चालतील. फक्त पहिल्या दिवशी कोणी काय लिहायचे हे त्यांनी आधीच ठरवून येऊ नये.

जय भीम.