के-टू, १९३९ : संघातील अनुभवी गिर्यारोहक नेमके कोण?

१/१३
उंच शिखरांच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटते : ‘अनुभवी गिर्यारोहकांचा संघ आणि त्यांच्या मदतीला काही शेर्पा.’ वाक्य साधे दिसते, पण त्यातला ‘आणि’ हा शब्द इतिहासाची सरळसरळ फाळणी करतो. १९३९ च्या के-टू मोहिमेत ही फाळणी किती खोटी होती, ते पाहण्यासाठी हा धागा.

२/१३
के-टूची उंची ८,६११ मीटर. १९३९ साली तेथे पोहोचलेल्या अमेरिकी मोहिमेचा नेता फ्रिट्झ वीसनर. जन्म ड्रेस्डेनचा, कातळारोहणात नाणावलेला, १९३२ च्या नंगा पर्वत मोहिमेत सहभागी झालेला. मात्र त्याच्याखेरीज एकाही अमेरिकी सदस्याला हिमालयाचा पूर्वानुभव नव्हता. अधिक जाणत्या काही जणांनी आयत्या वेळी माघार घेतली होती. उरलेल्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही होते.

३/१३
आता दुसरी यादी. नऊ शेर्पांचा सरदार पासांग किकुली. कांचनगंगा, नंगा पर्वत, नंदादेवी आणि आदल्याच वर्षीचा, १९३८ चा के-टू, एवढे डोंगर त्याच्या पायांखालून गेलेले. १९३४ मध्ये नंगा पर्वतावरील ज्या वादळाने तीन जर्मन आरोहक आणि सहा शेर्पा गिळले, त्यातून जिवंत खाली उतरलेल्या मोजक्यांपैकी तो एक होता.

४/१३
दुसरा पासांग दावा लामा. १९३७ मध्ये स्पेन्सर चॅपमनसोबत त्याने ७,३२६ मीटर उंचीच्या चोमोल्हारीवर पहिले यशस्वी आरोहण केले होते. म्हणजे अनुभव हाच निकष लावला, तर या मोहिमेतील अनुभवी गिर्यारोहकांची यादी शेर्पांच्या नावांनी सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात ती नावे ‘भारवाहक’ या सदरात गेली.

५/१३
१९ जुलै १९३९. वीसनर आणि पासांग दावा लामा कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८,३७० मीटरपर्यंत चढले. माथा जेमतेम २४० मीटर वर. सूर्य मावळतीला आलेला. वीसनरला रात्रीही चढत राहायचे होते. पासांगने दोर सोडण्यास नकार दिला. दोघे परतले. पुढे अनेकांनी याला ‘शेर्पाची भीती’ म्हटले. त्या उंचीवर, उघड्या कड्यावर, रात्रीच्या तोंडाशी मागे फिरण्याचा असाच निर्णय एखाद्या युरोपीय आरोहकाने घेतला असता, तर त्याला ‘परिपक्व विवेक’ म्हटले गेले असते.

६/१३
खालच्या छावण्यांत दरम्यान गोंधळ माजला होता. वरचे लोक हिमप्रपातात दगावले, असा समज पसरला आणि छावण्यांमधील झोपण्याच्या पिशव्या खाली नेल्या गेल्या. उतरताना वीसनर आणि पासांग कसेबसे तळावर पोहोचले. डडली वुल्फ मात्र सातव्या छावणीत एकटा राहिला. वुल्फ धनाढ्य होता, मोहिमेच्या खर्चाचा मोठा वाटा त्याने उचलला होता. गिर्यारोहणाचा त्याचा अनुभव मात्र तोकडा होता.

७/१३
त्याला आणायला कोण गेले? २८ जुलै रोजी किकुली आणि त्सेरिंग तळावरून निघाले आणि एका दिवसात सहाव्या छावणीत पोहोचले. सुमारे २,१०० मीटरची ती चढण होती, तीही के-टूच्या धारेवर. ही केवळ ‘काटक शरीराची’ करामत नव्हे. कुठे थांबायचे, काय मागे ठेवायचे, वेळ कसा वाचवायचा हे ज्याला कळते, त्याचे हे काम.

८/१३
२९ जुलैला किकुली, किटार आणि फिन्सू सातव्या छावणीत पोहोचले. खंगलेल्या वुल्फने उतरण्यास नकार दिला, उद्या या म्हणाला. पिशव्या नव्हत्या, तिघांना रात्रीसाठी सहाव्या छावणीत परतावे लागले. ३० जुलै वादळात गेला. ३१ जुलैला तिघे पुन्हा वर निघाले. ते परतले नाहीत. वाट पाहून त्सेरिंग एकटाच खाली आला. वुल्फचे अवशेष २००२ मध्ये सापडले.

९/१३
पुढची कित्येक दशके वाद चालला तो एवढाच : दोष कोणाचा? वीसनरचा, की खालच्या छावण्यांतील सहकाऱ्यांचा? चौकशी झाली, राजीनामा झाला, लेख झाले. पण नेतृत्व, विवेक आणि बचाव या तिन्ही कसोट्यांवर सर्वांत जाणता ठरलेला माणूस भारवाहकांच्या यादीत का होता, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही.

१०/१३
येथे ठरलेला आक्षेप येतो : ‘शेर्पा मजुरीसाठी जात, गिर्यारोहक ध्येयासाठी.’ मग १८६५ च्या मॅटरहॉर्नचे काय करायचे? तेथे मरण पावलेला मिशेल क्रो हा शामोनीचा पगारी वाटाड्या होता. इतिहास त्याला आद्य आरोहकांत नावानिशी मोजतो. पैसे घेतल्याने क्रोचे कौशल्य उणावत नाही, तर किकुलीचेच का उणावावे?

११/१३
दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : त्या काळी अनेक शेर्पांना दोर आणि बर्फकामाचे रीतसर शिक्षण नव्हते. हे खरे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये निघाली. पण शिक्षण न देणाऱ्यांनीच त्या अभावाला स्वभावधर्म ठरवावे, हा न्याय नव्हे. शिवाय अनुभव केवळ वर्गात मिळत नाही. तो वादळातून परत आलेल्यांच्या हाडांत मुरतो.

१२/१३
‘भित्रा’ ठरवलेल्या पासांग दावा लामाने १९ ऑक्टोबर १९५४ रोजी टिची आणि यॉक्लर यांच्यासह चो ओयूचा माथा प्रथम गाठला. उंची ८,१८८ मीटर. आणि ज्या के-टूने किकुलीला ठेवून घेतले, त्याच्यावर १६ जानेवारी २०२१ रोजी हिवाळ्यातील पहिले आरोहण झाले ते दहा नेपाळी आरोहकांचे. ते माथ्याखाली एकमेकांसाठी थांबले आणि शेवटची पावले एकत्र चालले. पहिला कोण, हा प्रश्नच त्यांनी शिल्लक ठेवला नाही.

१३/१३
कळसाला नमस्कार करताना पायाचा दगड विसरण्याची खोड जुनी आहे. किकुली, किटार आणि फिन्सू यांच्या बाबतीत तर दगडालाच कळसाचे काम करावे लागले आणि तरी तो दगडच म्हणवला गेला. म्हणून मोहिमेचा इतिहास हाती घेताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रथम शेवटची यादी उघडावी, जी बारीक टायपात छापलेली असते. संघ तेथून सुरू होतो.