आदिवासी मुलांचं कॉलेज पहिलीच्या वर्गात सुरू होतं

बारावीचा निकाल लागला की आपल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. अमुक पाड्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, तमुक आश्रमशाळेतली मुलगी नर्सिंगला लागली. फोटो, हार, पेढे. मलाही आनंद होतो. पण त्याच मुलांचं पुढच्या दिवाळीपर्यंत काय झालं, हे त्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. मी सातपुड्यात, धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली पहिली मुलं आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहतो.

"तुम्ही प्राथमिकच्या बाई, तुमचा विद्यापीठाशी काय संबंध?" असं मला स्टाफरूममध्येच ऐकवलं गेलं आहे. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे.

आधी आकडे सांगते, थोडेच. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटीच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ९.४ टक्के. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर शंभरातले ६९ जण आदिवासी. २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाचं पटनोंदणीचं प्रमाण देशात २८.४ होतं, अनुसूचित जमातींचं २१.२. फरक सात टक्क्यांचाच दिसतो. पण हा आकडा नाव नोंदवलेल्यांचा आहे. पदवी हातात घेऊन बाहेर पडलेल्यांचा नाही. शिवाय त्यात कोण काय शिकतंय हेही कळत नाही. आमच्या भागात बहुतेक मुलं बी.ए.ला जातात. त्यांना इतिहासाची फार आवड आहे म्हणून नव्हे, तर जवळच्या ज्युनिअर कॉलेजला कला शाखाच आहे म्हणून. विज्ञान घ्यायचं तर अकरावीतच घर सोडायचं. ही निवड मुलाने केली असं म्हणणं मला जड जातं.

आता त्या संबंधाकडे येते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर मुलाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते देणारी समिती पुरावे तपासते आणि १९५० च्या आधीच्या नोंदींना तिथे फार वजन असतं. आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद, गावदप्तरातली नोंद, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि मुलाचा स्वतःचा दाखला. मुलाच्या त्या दाखल्यावर काय येतं? जे आपण पहिलीत जनरल रजिस्टरला लिहितो, तेच येतं. जून महिन्यात गर्दीत, पोषण आहाराचा हिशोब एका हाताने आणि प्रवेश दुसऱ्या हाताने, असं जे आपण लिहितो ते.

आमच्याकडचा गोंधळ बघा. वसावे, पाडवी, तडवी ही आडनावंही आहेत आणि अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावंही आहेत. पाडवी आडनावाचं पोर समोर आलं की नवीन शिक्षक जमातीच्या रकान्यातही आडनावावरून अंदाज करतो. ते घर भिल असतं, वडिलांच्या दाखल्यावर भिल असतं, आणि मुलाच्या रजिस्टरला वेगळंच काही पडतं. कुणी नुसतं 'आदिवासी' लिहितो, कुणी 'हिंदू' लिहून मोकळा होतो. त्या दिवशी कुणाचं काहीच अडत नाही. अडतं ते बारा वर्षांनी. पोरगं सीईटी देऊन बसलेलं असतं, कॉलेज वैधता मागतं, आणि समिती विचारते की बापाची नोंद एक आणि मुलाची दुसरी कशी? शाळा सोडल्यावर ही नोंद बदलून घेणं किती जिकिरीचं आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मुलाच्या पायाखालची वाट कधीकधी आपल्या पेनानेच उखडते. नाव आणि जन्मतारखेचंही तेच. आधारवर 'दिनेश', रजिस्टरला 'दिन्या', बँकेत तिसरंच. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होतात. नाव जुळलं नाही की अर्ज अडकला.

काही जण म्हणतील, ही कारकुनी झाली, शिक्षण कुठे आहे यात? माझं मत उलटं आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यासाठी कागद हाच शिक्षणाचा निम्मा भाग असतो. शहरातल्या मुलाचा कागद त्याचे वडील सांभाळतात. आमच्या मुलाचे वडील त्या वेळी गुजरातेत कामाला गेलेले असतात.

दुसरी गोष्ट पैशाची. योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर फी शासन भरतं. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांसाठी ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार असे दर होते. पीएच.डी.साठी दरवर्षी ७५० मुलांना राष्ट्रीय फेलोशिप आहे. परदेशात शिकायचं तर केंद्राच्या २० जागा आहेत. (या २० जागांची बातमी धडगावपर्यंत कधी पोचते, हा वेगळा विषय.)

मग मुलं का गळतात? माझ्या बघण्यात तरी पहिल्या चार महिन्यांत गळतात. प्रवेश होतो, वर्ग सुरू होतात. वसतिगृहाची यादी लागायची असते. यादीत नाव नाही आलं तर स्वयम्‌चा अर्ज, तो मंजूर होणार, मग हप्ता. शिष्यवृत्ती त्याहून पुढे. या मधल्या काळात मूल कुठे राहतं आणि काय खातं? ओळखीच्या मुलाच्या खोलीत चौथा म्हणून राहतं. घरमालकाने हाकललं की दुसरीकडे. डिपॉझिट भरायला घरची शेळी विकलेली असते, तीही रक्कम संपते. एक माजी विद्यार्थी मला फोनवर म्हणाला होता, "मॅडम, अभ्यास जमतोय, जेवण जमत नाही." तो नोव्हेंबरमध्ये परत आला. त्याच्या खात्यावर पैसे पुढे जमा झालेही असतील, पण तोवर तो ऊसतोडीला गेला होता.

जेवणाचा प्रश्न किती नाजूक आहे, ते २०१८ साली सगळ्या राज्याने पाहिलं. वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा आदिवासी मुलामुलींनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे मिळत असताना ही मुलं का चिडली, असं तेव्हा बऱ्याच सुशिक्षित लोकांना वाटलं. ज्याला दर महिन्याला वेळेवर पगार होतो, त्याला पैसे आणि ताट यातला फरक लवकर कळत नाही. खात्यातले पैसे उशिरा येऊ शकतात, ताट रोज लागतं. माझी ठाम मागणी आहे की प्रवेशाच्या दिवसापासून राहायची आणि जेवायची तात्पुरती सोय झाली पाहिजे, छाननी नंतर होत राहील. ज्याचा अर्ज नामंजूर होईल त्याच्याबाबतीत पुढे बघता येईल. पण जो पात्र आहे त्याला आधी चार महिने उपाशी ठेवून मग पात्र ठरवणं हे कसलं नियोजन?

आणि मनाचं काय? आमची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. मराठी शाळेत येऊन शिकतात, म्हणजे मराठीच त्यांची दुसरी भाषा. कॉलेजात सगळं एकदम इंग्रजी होतं. शहरातलं मराठी माध्यमाचं मूल एक उडी मारतं, आमचं दोन. वर्गात हे मूल गप्प बसतं आणि प्राध्यापक समजतात की याला येत नाही. त्यात पहिल्याच दिवशी शेजारचा विचारतो, "तुझा स्कोअर किती? कोणत्या कॅटेगरीतून?" प्रश्न साधा असतो, पण विचारण्याच्या सुरात सगळं असतं. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. त्या तडवी भिल समाजातल्या, नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलत नाही. पण त्यांच्या आईने रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारलं की महाविद्यालयांत भेदभाव रोखण्याचे नियम कागदावरच का आहेत. असे नियम युजीसीने २०१२ सालीच केले होते. प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष असायला हवा असं त्यात आहे. आपल्या जवळच्या कॉलेजात तो कोणत्या खोलीत आहे, हे एकदा जाऊन विचारा.

उदाहरणं नाहीत असं नाही. डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल समाजातले. नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईत एमबीबीएस केलं, आयएएस झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून आले. मी त्यांची गोष्ट वर्गात सांगते. पण एक खबरदारी घेते. "ते करू शकले मग तू का नाही?" असं कधी म्हणत नाही. हजारात एकाची गोष्ट उरलेल्या नऊशे नव्याण्णवांच्या पाठीवर छडीसारखी वापरू नये. मुलांना मोठ्या माणसाच्या गोष्टीपेक्षा आपल्याच पाड्यावरचा, एफवायला असलेला, एका विषयात नापास होऊन पुन्हा बसलेला दादा जास्त कामाचा असतो. कोणत्या स्टेशनला उतरायचं, अर्ज भरताना कोणता कागद आधी स्कॅन करायचा, सर ओरडले तर काय करायचं, हे तोच सांगू शकतो आणि पावरीत सांगू शकतो. यवतमाळकडे राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना नामांकित विद्यापीठांपर्यंत नेण्याचं काम करते. तिथेही पुढे गेलेली मुलं मागच्यांना हात देतात. हे काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं, आणि त्याला मोठा निधी लागत नाही.

आमच्या शाळेत आम्ही एवढंच केलंय. सातवी-आठवीपर्यंत आमच्याकडे असलेल्या आणि आता बाहेर शिकणाऱ्या मुलांचे नंबर एका वहीत ठेवलेत. जुलै ते नोव्हेंबर महिन्यातून एकदा प्रत्येकाला फोन. जेवलास का, फॉर्म भरला का, नेटवर्क मिळालं तर घरच्यांशी बोलणं करून देते. होळीच्या आधी एक फोन जास्तीचा. कारण भोंगऱ्याच्या बाजाराला आणि होळीला मुलं घरी येतात, यायलाच हवीत, पण काही जण परत जात नाहीत. परीक्षा तोंडावर असते, भाड्याला पैसे नसतात, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू होतात, मुलींची तर हमखास.

पालकांना म्हणून विनंती आहे. पोरगी सुट्टीत आली की "नोकरी कधी लागेल?" हा पहिला प्रश्न नका विचारू. आमच्या वेळी बारावीनंतर डी.एड. केलं की नोकरी असं गणित होतं. २०१० नंतर भरतीच कित्येक वर्षं थांबली आणि ते गणित मोडलं. आता तीन-चार वर्षं शिकूनही वाट बघावी लागते, आणि त्यात मुलांचा दोष नाही. ती काय शिकते ते विचारा, समजलं नाही तरी विचारा. तुमच्या दाखल्याची, तुमच्या वडिलांच्या दाखल्याची झेरॉक्स एका पिशवीत घालून ती पत्र्याला टांगून ठेवा, पावसात भिजू देऊ नका.

आणि शिक्षकांनो, येत्या जूनमध्ये पहिलीचा प्रवेश लिहिताना वडिलांचा जुना दाखला मागा. त्यांच्याकडे नसेल तर त्यांच्या शाळेतून काढायला सांगा, पंधरा दिवस थांबा. तोवर तो रकाना पेन्सिलीने भरा.