बोलवत नसेल, तर चित्र काढा

ही विनंती मोर्चात न जाणाऱ्यांना आहे. सभेत मागची खुर्ची धरणाऱ्यांना. माइक जवळ आला की नुसती मान हलवणाऱ्यांना आणि मग घरी येऊन रात्रभर कूस बदलणाऱ्यांना. तुम्ही त्यांतले असाल, तर हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि हे वाचून काढा. दिवस फार थोडे उरले आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, वड आहे. सोमवारी सकाळी त्याच्या बुंध्यावर कागद चिकटवलेला दिसला. टाइप केलेला, खाली शिक्का. शेजारी लाल रंगाने आकडा घातलाय : १४. रस्ता रुंद व्हायचाय, त्यात हा ‘बाधित वृक्ष’. ११ नंबरची चिंच, १२ आणि १३ नंबरचे कडुनिंब, तेही बाधित. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, अशी शेवटची ओळ आहे. आज बुधवार. शनिवार-रविवार कार्यालय बंद. म्हणजे सात दिवस नावाला. तुमच्या-माझ्या हातात शुक्रवार संध्याकाळपर्यंतचाच वेळ.

तुम्ही दुसऱ्या गावात राहत असाल, तर उठा आणि आपल्या रस्त्यावरचे बुंधे बघून या. असा कागद कुठेही असू शकतो. पावसाने भिजून गळून पडायच्या आत तो वाचा.

मी एवढी घाई का करतेय, ते सांगते. आमच्या जुन्या घरासमोर वर्षावृक्ष होता. त्याच्यावर असाच आकडा पडला, तेव्हा सुनावणीला मी गेले होते. पर्समध्ये चार मुद्दे लिहिलेला कागद होता. माझं नाव पुकारलं. समोर लांब टेबल, पलीकडे पाच-सहा साहेब, मागे भरलेला हॉल. घशाला कोरड पडली. ‘सगळ्यांनी सांगितलंच आहे,’ एवढं म्हणून मी खाली बसले. काही दिवसांनी सकाळीच करवतीचा आवाज आला. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

आई रोज दुपारी गॅलरीत बसून तांदूळ निवडायची. खाली खेळणाऱ्या पोरांवर तिचं लक्ष असायचं, पोरांचं तिच्यावर. त्या उन्हाळ्यात गॅलरीची फरशी इतकी तापायला लागली की तिने खुर्ची आत घेतली. ती खुर्ची पुन्हा बाहेर आली नाही. आई घरात बसली ती बसलीच. चार मुद्द्यांचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी तो नुसता टेबलावर ठेवला असता, तरी चाललं असतं. लेखी हरकतीला आवाज लागत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगतेय.

आता नीट लक्ष द्या. महाराष्ट्रातल्या शहरांतली झाडं जपण्यासाठी १९७५ चा कायदा आहे. तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस द्यावी लागते, ती या कायद्यामुळे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड आता ‘हेरिटेज’, म्हणजे वारसा, मानलं जातं. आणि तोडायची वेळ आलीच, तर झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची. म्हणजे सगळा जीव त्या वयाच्या आकड्यात आहे. त्या कागदावर आमच्या वडापुढे काय लिहिलंय ठाऊक आहे? अंदाजे वय ४०. गिरणीवाले काका सांगतात, त्यांच्या वडिलांनी १९६२ साली गिरणी टाकली तेव्हा दळणाच्या बैलगाड्या याच वडाखाली सुटायच्या. काकांनी हे आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी अशा किती गोष्टी आहेत! आजच विचारा. त्यांच्यासमोर बसून उतरवून घ्या.

आणि त्या गोष्टीबरोबर एक चित्र काढा. हीच माझी मुख्य मागणी आहे.

चित्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी काल काढलं, त्याचं सांगते. पारावर बसले, वही मांडीवर घेतली. पहिली दहा मिनिटं नुसता गिचमिड काला झाला. मग एकच पारंबी धरली. ती सरळ खाली येत नाही. मध्येच थांबते, वळते, दुसरीला चिकटते आणि दोघी मिळून एक होतात. ते वळण मी सहा वेळा खोडलं. बुंध्याजवळ आले तेव्हा खिळे दिसले. क्लासच्या पाट्यांचे, डॉक्टरांच्या बोर्डाचे. अकरा मोजले. दोन तर सालीने जवळजवळ गिळून टाकले आहेत, नुसतं गंजकं टोपण दिसतं. त्यांच्या वर गेल्या वटपौर्णिमेचं सूत, मळून राखाडी झालेलं. वीस वर्षं मी या झाडाखालून जातेय, हे एकदाही पाहिलं नव्हतं. अर्धा तास बसल्यावर तो १४ नंबर राहिला नाही.

आणि तुम्हा अबोल माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. मी कुणाशी बोलले नाही. लोकच माझ्याशी बोलायला आले. चित्र काढणाऱ्याच्या पाठीमागे माणूस थांबतोच. शाळेतून येणारी मुलगी थांबली, म्हणाली, ‘घरटं राहिलं.’ आणि बोट दाखवून ते कुठे आहे हे सांगितलं. चौथ्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या. आम्ही इतक्या वर्षांत ‘कसं काय’च्या पुढे गेलो नव्हतो. त्या म्हणाल्या, ‘ताई, मी दरवर्षी इथेच पूजेला येते. पण मला चित्रबित्र येत नाही हो.’ मी म्हटलं, ‘रांगोळी येते ना?’ आज सकाळी त्यांच्या उंबऱ्याबाहेर वड उमटलाय. ठिपक्यांचा. पारंब्या म्हणून चिमटीतून सोडलेल्या पांढऱ्या सरळ रेघा, आणि खाली आकडा : १४. दूधवाला त्याला वळसा घालून गेला. दोघा-तिघांनी विचारलं, हा आकडा कसला? काकूंनी सांगितलं. तुमच्या दारातही ही रांगोळी उद्या पहाटे काढा. रोज काढा.

हे राजकारण आहे का? आहे. आपल्या दारासमोर काय राहील आणि काय जाईल, हे कुणी ठरवायचं, हा राजकारणाचाच प्रश्न आहे. त्यात फक्त मोठ्या आवाजाच्या माणसांनी बोलायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. तुमच्यासारख्यांनीच हे आधीही केलंय, याहून कितीतरी कठीण दिवसांत केलंय.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ आठवा. चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव पायी फिरला आणि उपाशी माणसं काळ्या शाईने काढत गेला. त्याचं ते पुस्तक, ‘हंग्री बेंगॉल’, इंग्रज सरकारने जप्त केलं, त्याच्या प्रती जाळल्या. पुढे हाच माणूस मुंबईत येऊन अंधेरीला राहिला. कागदावरच्या शाईच्या रेघा जाळाव्या लागल्या, यावरून ओळखा त्या किती टोचल्या असतील.

चिलीमधल्या बायकांचं तर मला रोज आठवतं. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली. माणसं घरातून नेली जायची आणि परत यायची नाहीत. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. विचारायची सोय नव्हती. रस्त्यावर ओरडायची तर नव्हतीच. मग सांतियागोमध्ये त्या बायका चर्चच्या आधाराने एकत्र बसायला लागल्या, आणि गोणपाटावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या शिवायला लागल्या. आर्पियेरा म्हणतात त्या कापडांना. आपल्या आजीच्या वाकळीची चुलत बहीणच म्हणा. वर अँडीजचे डोंगर, खाली लहान लहान घरं, घरांपुढे बाहुल्यांएवढी माणसं. आणि मध्येच एखादं रिकामं ताट, बंद कारखाना, फोटो हातात धरून उभी बाई. कापडं सामानात लपून परदेशात गेली. तिथे लोकांनी ती भिंतीवर लावली, आणि चिलीत काय चाललंय ते जगाला कळलं. त्या बायकांनी भाषणं केली नव्हती. सुई-दोरा तर तुमच्याही घरात आहे.

आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात चेन्नईच्या बेझंट नगरमध्ये काही जणांनी नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीला विरोध म्हणून रस्त्यावर कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, काढले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो. पुढच्या दिवसांत तसेच कोलम कितीतरी घरांच्या दारात उमटले, एवढं खरं. इंग्लंडमधली सारा कॉर्बेट तर स्वतःला उघडपणे अबोल म्हणवते. २०१५ मध्ये तिने आणि तिच्या सोबत्यांनी एका बड्या दुकानसाखळीच्या संचालकांना एकेक हातरुमाल भरतकाम करून दिला. मागणी एकच, कामगारांना जगण्यापुरता पगार द्या. पुढच्या वर्षी कंपनीने पगारवाढ जाहीर केली. एकट्या रुमालांनी ते झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या संचालकांना तो रुमाल हातात धरावा लागला, कुणीतरी रात्री जागून घातलेला टाका बघावा लागला.

मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची ठरली, तेव्हा हजारो लोकांनी हरकती लिहिल्या होत्या. तरी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री उच्च न्यायालयाचा निकाल आल्या आल्या करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. आपलाही वड जाऊ शकतो. म्हणून तर म्हणते, शुक्रवार हातचा जाऊ देऊ नका. करवत आल्यावर रडणारे पुष्कळ असतात. कागद असताना लिहिणारे हवे आहेत.

आणि हरकत स्वतःच्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराच्या पाचशे पत्रांचा एक गठ्ठा होतो आणि गठ्ठ्यावर एकच उत्तर जातं. तुमच्या आईने कोणत्या फांदीला झोपाळा बांधला होता, हे दुसऱ्या कुठल्या पत्रात असणार नाही. ते लिहा. चित्र सुंदर असायला नको. नातवाने खडूने काढलेलं चालेल. वडाचं एक पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासा, शिरान् शिर उमटेल. तेवढंही चालेल. खाली झाडाचा नंबर, तुम्हाला ते कोणत्या सालापासून आठवतं ते साल, तुमचं नाव, पत्ता, सही. दोन प्रती करा. क्षेत्रीय कार्यालयात तळमजल्यावर आवक-जावकची खिडकी आहे, तिथे एक प्रत द्या. दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिथे कुणी तुम्हाला भाषण विचारणार नाही. टपालाने पाठवू नका, वेळेत पोहोचणार नाही.

एक कळकळीची सूचना. चित्र झाडाला खिळ्याने ठोकू नका, खिळे त्याला पुरे झाले. सालीवर रंग लावू नका. दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर काही चिकटवू नका, उगाच गुन्हा दाखल होईल आणि झाडाची गोष्ट बाजूला पडेल. तुमचं दार, तुमची खिडकी, तुमची गॅलरी, तेवढं पुरे आहे. प्रत्येक गॅलरीत एक वड लटकला, तर रस्ता मोजायला येणाऱ्या माणसाला मान वर करावीच लागेल.

वैशाखात बारा वाजता झाडाखालच्या बसस्टॉपवर उभं राहणाऱ्या आजींचा विचार करा. सावलीच्या हिशेबाने टपरी लावणाऱ्या चहावाल्याचा करा. दप्तर पाठीला लावून दुपारी घरी येणाऱ्या आपल्या मुलांचा करा. त्यांच्यापैकी कुणीही सुनावणीला जाणार नाही. त्यांच्या वतीने तुम्ही अर्धा तास बसा. तुम्हाला त्यांची काळजी आहे, हे मला माहीत आहे. एरवी तुम्ही इथवर वाचलंच नसतं.

उद्या आणि परवा, सकाळी सात ते नऊ, मी वडाच्या पारावर असेन. कागद आणून ठेवलेत, पेन्सिलींना टोक केलंय, मुलांसाठी खडू आहेत. गिरणीवाले काका दोन बाकडी बाहेर काढून देणार आहेत. काकू रांगोळीचा डबा घेऊन येतायत. कुणाशी काही बोलावं लागणार नाही. या, बसा, काढा. गिरणीच्या बाजूला ऊन उशिरा येतं, तिथली जागा आजी-आजोबांसाठी सोडा.