सुहैली परत आली

आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, वादळात बोट आडवी झाली तर?" त्याचे अब्बा मालवाहू जहाजावर आहेत. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला नव्हता. 'काही होत नाही रे' म्हणणं सोपं होतं. मी त्याला सुहैलीची गोष्ट सांगितली.

सुहैली ही ३२ फुटी शिडाची बोट १९६४ साली आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात बांधली गेली. आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचं हे अरबी नाव. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा २९ वर्षांचा इंग्रज खलाशी तिच्यातून एकटाच इंग्लंडहून निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत होती. नऊ जण उतरले. सुहैली त्यांतल्या मंद बोटींपैकी एक होती.

दक्षिण महासागरात एका लाटेने तिला आडवं पाडलं. केबिन हादरली, आत पाणी आलं. पण बोट आपोआप सरळ झाली. कारण तिच्या तळाच्या कण्याला, ज्याला आपले नाखवे पठाण म्हणतात, जड लोखंड जोडलेलं होतं. बुडाशी वजन असलेली बाहुली ढकलली तरी उठून बसते, तसंच हे.

पुढे आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं. तेव्हा त्याने दोन डोलकाठ्यांवरची शिडं अशी जुळवली, की बोट आपली दिशा स्वतःच धरून राहिली. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागलं, तर भर समुद्रात बुडी मारून त्याने ते सांधे बंद केले. म्हणजे लांबच्या सफरीची बोट अशी हवी, की बिघाड झाला तर आतल्या माणसाला तो हाताने दुरुस्त करता यावा. महिनोन् महिन्यांचं अन्नपाणी मावावं, हे तर हवंच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्राउहर्स्टची बोट तीन सांगाड्यांची, हलकी आणि वेगवान होती. अशी बोट एकदा उलटली की स्वतःहून सरळ होत नाही. निघण्याची मुदत संपत आली, म्हणून तो अपुऱ्या तयारीनेच निघाला. पुढे जायची हिंमत होईना आणि परतायची लाज वाटे. तो खोटे ठिकाण कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट सापडली, तो नाही.

सुहैली २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी परतली. शर्यत पूर्ण करणारी ती एकटीच. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाची रक्कम क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिली.

वर्ग शांत होता. मुलाने विचारलं, "अब्बांच्या जहाजालाही खाली वजन असतं?"

"असतं. माल उतरवला की टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतात. समुद्राची भीती खलाशांनाही असते, बेटा. म्हणूनच तर ते तयारी करून निघतात."

तो खाली बसला. दोन दिवसांनी त्याने दारातूनच सांगितलं, "सर, फोन आला."